सीडी-डीव्हीडीवरचं चिकट लेबल काढावं का, आणि काढायचंच तर कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, एकसष्टी, गल्लीतल्या गणपतीसमोरचं गाणं, आजोबांची मुलाखत: पंधरा-वीस वर्षांपूर्वी यातलं बरंच काही सीडीवर उतरवलं गेलं आणि वर रंगीत कागदी लेबल चिकटवून घरी आलं. आता त्या लेबलांच्या कडा उचकटू लागल्या आहेत, गोंद पाझरतो आहे, आणि आतल्या गोष्टीची दुसरी प्रत बहुतेकांकडे नाही. पुढचे प्रश्न त्यातूनच येतात. सगळं वाचायला सवड नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा: आधी कॉपी, मग लेबल. आणि घरी बर्न केलेली सीडी असेल तर लेबल सोलूच नका.

लेबल सोललं तर एवढं काय बिघडतं? डेटा तर खालच्या चकचकीत बाजूला असतो ना?

नाही, आणि सगळा घोळ याच समजुतीमुळे होतो. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू बिनधास्त टेबलावर घासतो. सीडीत नाजूक बाजू छापील आहे.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. ती जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. लेझरचा किरण खालून येतो, हे सगळं प्लॅस्टिक ओलांडतो आणि थेट वरच्या पृष्ठभागालगतच्या थरावर आपटून परततो. बर्न केलेल्या सीडीत तिथे आधी रंगद्रव्याचा थर असतो, ज्यात डेटा लिहिलेला असतो. त्यावर चांदीचा किंवा क्वचित सोन्याचा परावर्तक थर, आणि त्यावर लॅकरचा, म्हणजे संरक्षक वार्निशचा, एक हात. कंपनीत छापून आलेल्या सीडीत रंगद्रव्य नसतं, डेटाचे बारीक खळगे प्लॅस्टिकमध्येच उमटवलेले असतात आणि परावर्तक थर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. दोन्हींत लॅकर अवघा काही मायक्रॉन जाड. म्हणजे तुमचं लेबल आणि तुमचा डेटा यांच्यामध्ये तेवढंच काय ते अंतर आहे.

लेबलचा गोंद लॅकरला धरतो, लॅकर चांदीला धरतं. चांदीची प्लॅस्टिकवरची पकड मात्र या दोन्हींपेक्षा कमी असते. लेबल ओढलं की सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. सोललेलं लेबल उलटं करून पाहा, गोंदावर बर्फीवरच्या वर्खासारखे चांदीचे पापुद्रे चिकटून आलेले दिसतात, आणि सीडीत नेमक्या त्याच आकाराच्या खिडक्या पडलेल्या असतात. त्यातून पलीकडचं बोट स्पष्ट दिसतं. तिथून लेझर परतत नाही, म्हणजे तिथला डेटा गेला. तो कुठल्याही दुकानात, कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी हाताळण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली. त्यातही लेबल सोलू नका आणि एकदा लावलेलं सरळ करायला जाऊ नका, असंच स्पष्ट म्हटलं आहे.

डीव्हीडीलाही हेच लागू होतं का?

तसंच्या तसं नाही. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. डेटा त्या दोन्हींच्या मध्ये, सँडविचमध्ये सारण असतं तिथे. लेबल आणि डेटा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त घट्ट प्लॅस्टिक असतं, त्यामुळे लेबलबरोबर चांदी निघून येत नाही. इथे धोका वाकण्याचा. लेबल जोरात ओढताना डीव्हीडी वाकली, तर कडेपासून दोन चकत्या एकमेकींपासून सुटू शकतात. एकदा हवा आत शिरली की संपलं.

माझ्याकडची सीडी आहे की डीव्हीडी, हे कसं ओळखू? लेबलखाली नाव झाकलं गेलंय.

कड डोळ्यासमोर आडवी धरा आणि उजेडात पाहा. जाडीच्या बरोबर मधोमध बारीक रेघ दिसली तर डीव्हीडी. रेघ नसेल तर सीडी. खालच्या बाजूच्या रंगावरूनही अंदाज येतो: बर्न केलेली सीडी हिरवट, फिकट निळी किंवा सोनेरी दिसते, बर्न केलेली डीव्हीडी जांभळट. तरी शंका राहिली तर सीडी समजूनच वागा.

लेबल काढायलाच हवं का?

बहुतेक वेळा नको. लेबल सगळीकडून सपाट बसलेलं असेल, बुडबुडे नसतील, कड उचललेली नसेल आणि तबकडी नीट वाचली जात असेल, तर त्याला हातही लावू नका. कॉपी करा आणि उभी करून डबीत ठेवा.

मग लेबल त्रास कधी देतं? एक म्हणजे तोल. ५२ एक्स (मूळ वेगाच्या ५२ पटींपर्यंत) वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. लेबल मधल्या भोकापासून जरा सरकून लागलं असेल तर एवढ्या वेगात तबकडी थरथरते, ड्राइव्ह घरघरतो आणि वाचन चुकतं. दुसरं म्हणजे हवा. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, कागद ओल धरतो आणि फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. प्लॅस्टिक त्या प्रमाणात हलत नाही. कागद ओढतो आणि तबकडी कणभर वाकते. सीडी हे निभावून नेते, पण डीव्हीडीचे खळगे अधिक बारीक आणि अधिक दाटीने असतात, त्यामुळे तिला थोडाही तिरपेपणा चालत नाही. लेबल लावल्यावर छान चालणारी डीव्हीडी वर्षभराने शेवटच्या अर्ध्या तासात अडकते, त्याचं कारण अनेकदा हेच असतं: वाकलेपण बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त असतं आणि सिनेमाचा शेवट तिकडेच लिहिलेला असतो.

तिसरा त्रास गाडीतल्या प्लेअरचा. ज्यात ट्रे नसतो, नुसती फट असते, त्यात लेबल लावलेली तबकडी घालूच नका. गरम प्लेअरमध्ये कड सुटते आणि तबकडी आत अडकून बसते.

आधी कॉपी करायची म्हणता, पण ती कशी? फाइल नुसत्या ओढून घेतल्या तर चालतात?

तबकडीत काय आहे त्यावर अवलंबून आहे. इथे घाई करू नका. लेबलला हात लावण्याआधीची ही पायरी नीट झाली, तर पुढे काहीही झालं तरी जिवाला घोर लागत नाही.

लग्नाचं चित्रीकरण असलेली जुनी सीडी बहुधा व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, असते. ती उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ अशा नावाची मोठी फाइल. तीच तुमची फिल्म. ती कॉम्प्युटरवर कॉपी करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडते. कॉपी मध्येच थांबून चूक दाखवत असेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर वापरा, ते खराब तुकडा ओलांडून पुढे जातं.

गाण्याच्या ऑडिओ सीडीत विंडोजला ‘.सीडीए’ नावाच्या फाइल दिसतात. त्या कॉपी करून लोक निश्चिंत होतात आणि सीडी टाकून देतात. कृपया असं करू नका. ती प्रत्येक फाइल फक्त ४४ बाइटची असते, तिच्यात गाणं नसतं, गाणं कुठून सुरू होतं याचा नुसता पत्ता असतो. ऑडिओ सीडी ‘रिप’ करावी लागते, म्हणजे सॉफ्टवेअरने गाणी वाचून फाइलमध्ये उतरवावी लागतात. त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उत्तम आहे, कारण ते शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतं. एफएलएसी किंवा डब्ल्यूएव्ही या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारांत साठवा. एमपी३ नंतर कधीही करता येते.

डीव्हीडीची पूर्ण इमेज घ्या, म्हणजे मेनूसकट सगळं एका फाइलमध्ये राहतं. लिनक्स वापरणाऱ्यांनी डीडीरेस्क्यू घ्यावं. ते आधी सोपा भाग पटापट उचलतं, अवघड भाग शेवटी ठेवतं आणि कुठे पोहोचलो याची नोंद ठेवत असल्यामुळे तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेलं काम पुढे चालू ठेवता येतं.

सगळ्यांसाठी एकच गोष्ट: वेग कमी करा. लेबल लावलेली तबकडी ४ एक्स किंवा ८ एक्सवर वाचली तर ५२ एक्सला न वाचणारा भागही बऱ्याचदा निघतो. आणि एका ड्राइव्हने हात टेकले म्हणून हार मानू नका. शेजाऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह तीच सीडी मुकाट वाचतो, हे नेहमी दिसतं.

लेबलचा एक कोपरा उचललाय. परत चिकटवू का?

नको. दाबून बसवताना खाली हवेचा फुगा राहतो. फेविकॉल किंवा फेविक्विक तर मुळीच नको, फेविक्विकमधला रसायनाचा अंश प्लॅस्टिकवर पांढुरका थर धरतो. सुटलेला भाग बारीक कात्रीने, चिकटलेल्या भागाला न ओढता, कापून टाका. कात्रीचं टोक तबकडीला लागू देऊ नका. मग लगेच कमी वेगावर कॉपी करा. तिला नेहमी वाजवायला वापरू नका, तिचं काम झालं.

डीव्हीडीवरचं लेबल काढायचंच आहे. नीट पद्धत सांगा.

कॉपी झाली आहे, हे गृहीत धरतो. लेबलवर कुणाच्या हातचं काही लिहिलेलं असेल तर आधी फोटो काढा. तारीख, गाव, कुणी वाजवलं, कुणाची तबल्याची साथ, ही माहिती बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच नसते, आणि ओल्या कागदाबरोबर ती कायमची जाते.

टेबलावर धुऊन मऊ झालेलं सुती कापड पसरा. जुनं पंचा किंवा धोतर यासाठी छान. डीव्हीडी लेबल वर करून त्यावर सपाट ठेवा आणि शेवटपर्यंत सपाटच राहू द्या. हातात धरून काम करायला गेलात की ती वाकतेच.

साधा कागद असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं लेबलवर दहा-पंधरा मिनिटं अंथरून ठेवा. पाणी ओतू नका, डीव्हीडी बादलीत बुडवू नका. कड आणि मधलं भोक इथे दोन चकत्यांचा सांधा उघडा असतो, तिथे ओल साचू देऊ नये. कागद मऊ झाला की अंगठ्याच्या पोटाने, नखाने नव्हे, मधून बाहेरच्या दिशेने हलकेच चोळा. कागदाच्या सुरळ्या होऊन निघतात. एका फेरीत निघाला नाही तर फडकं पुन्हा ठेवा. मध्येच कंटाळून ओढू नका.

खाली चिकट थर उरतो. सुती कापडाच्या घडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि पुन्हा मधून बाहेर पुसा. गोंद गोळा होऊन कापडावर येतो. दर दोन-तीन वेळा कापडाची स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर एकीकडून निघालेला गोंद दुसरीकडे पसरतो.

लेबल प्लॅस्टिकचं, चकचकीत असेल तर पाणी आत शिरत नाही. तिथे कडेचा एक बिंदू पकडून लेबल पूर्ण मागे दुमडा, म्हणजे ओढ वर न जाता पृष्ठभागाला समांतर राहील, आणि अगदी संथ ओढा. दुसऱ्या हाताचा तळवा डीव्हीडीवर ठेवा. वरच्या दिशेने ओढलं की डीव्हीडी उचलली जाते, आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

शेवटी खालची बाजू तपासा. बोटांचे ठसे असतील तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातलेल्या पाण्याने ओलं केलेलं कापड फिरवा, मग कोरड्या कापडाने टिपा आणि सावलीत वाळू द्या. इथेही मधून बाहेर पुसायचं, गोल नव्हे. गोल ओरखडा ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल रेषेच्या, दिशेने लांबवर पडतो आणि सलग डेटा खातो. आडवा ओरखडा प्रत्येक ट्रॅकला फक्त छेदून जातो. सीडीची चूक दुरुस्त करणारी व्यवस्था ट्रॅकवरची सुमारे अडीच मिलिमीटरची सलग तूट भरून काढते, त्यामुळे आडव्या रेषेवर ती सहज मात करते.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर? ते तर गोंद एका फटक्यात काढतात.

आणि प्लॅस्टिकही. ॲसिटोन आणि थिनर पॉलिकार्बोनेटवर हल्ला करतात. पृष्ठभाग पांढरट होतो, आत बारीक तडे जातात, लेझर वाट चुकतो. पेट्रोल, रॉकेल आणि संत्र्याच्या तेलाचे गोंद काढायचे स्प्रेही दूर ठेवा. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, पण सोबत जेल आणि सुगंधही असतो, त्याचा थर मागे राहतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल मोठ्या केमिस्टकडे मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, तर हमखास. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ निरांजन किंवा गॅस पेटलेला नको. ते नसेल तर खोबरेल तेलही काम करतं, फक्त वेळ लागतो: गोंदावर पातळ थर लावून अर्धा तास ठेवायचा, पुसायचा आणि मग साबणाच्या पाण्याच्या कापडाने तेलकटपणा पूर्ण काढायचा.

हेअर ड्रायर किंवा फ्रीझर?

ड्रायर सर्वात कमी तापमानावर, वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून, आणि फक्त डीव्हीडीसाठी. तबकडी हाताला कोमट लागेल इतपतच. फ्रीझर नको. गोंद कडक होतो हे खरं, पण बाहेर काढताच तबकडीवर दव धरतं आणि थंडीत लॅकरही ठिसूळ होतं.

विकत घेतलेल्या सीडीवर दुकानाचा किंमतीचा किंवा वाचनालयाचा छोटा स्टिकर आहे. तोही धोक्याचा का?

जागा पाहा. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक भागात डेटा नसतो. सीडीत नोंदी साधारण केंद्रापासून २३ मिलिमीटरवर सुरू होतात, त्याच्या आतला स्टिकर निर्धास्त काढा. बाहेर असेल तर कंपनीत छापलेल्या सीडीवर शाईचा थर लॅकरला थोडा आधार देतो. त्यामुळे तेल किंवा ओल्या फडक्याच्या पद्धतीने तो सावकाश निघू शकतो, ओढून नाही. अल्कोहोल वापरण्याआधी छपाईच्या एका कोपऱ्यात कापूस टेकवून पाहा, रंग उतरला तर थांबा. वाचनालयाचा शिक्का किंवा दाखल क्रमांक असेल तर तो काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती त्या तबकडीची ओळख आहे.

ब्लू-रेचं काय?

तिथे उलटं आहे. डेटा वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि लेबलच्या बाजूला १.१ मिलिमीटर प्लॅस्टिक. डीव्हीडीचीच पद्धत वापरा, पण खालच्या बाजूला गोंद, तेल, अल्कोहोल काही लागू देऊ नका.

मी आधीच सोललं. चांदी निघाली. आता काही वाचेल का?

थोडं वाचू शकतं, म्हणून टाकून देऊ नका. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरच्या कडेची चांदी गेली असेल तर सुरुवातीचा भाग शाबूत असतो, आणि फाइलींची यादीही आतल्या बाजूलाच असते. मात्र सुटलेले पापुद्रे ड्राइव्हमध्ये उडतात. सैल तुकडे मऊ ब्रशने झटका, बाकीच्यांना हात लावू नका, आणि ज्याची पर्वा नाही अशा जुन्या ड्राइव्हमध्ये, सगळ्यात कमी वेगावर, एकदाच नीट वाचून घ्या. डब्ल्यूएव्ही किंवा व्हिडिओ फाइल अर्धवट निघाली तरी चालते, तेवढा भाग वाजतो. चांदीच्या जागी मागून फॉइल किंवा चंदेरी रंग लावायचे सल्ले मिळतील, त्याने काही होत नाही. बर्न केलेल्या सीडीत चांदीबरोबर खालचं रंगद्रव्यही उचलून येतं.

खिडक्या मधल्या भागातच पडल्या असतील तर आशा कमी. अशा वेळी लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याकडे किंवा नातेवाइकांकडे चौकशी करा. तेव्हा चार-पाच प्रती काढून वाटायची पद्धत होती. मामाकडच्या कपाटात तीच सीडी बिनलेबलाची असू शकते.

नवीन तबकडीवर नाव कसं लिहू?

पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या सीडी मार्करने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नको, त्याचं टोक लॅकरवर दाब देऊन खाचा पाडतं. सगळा तपशील डबीच्या कागदावर लिहा. लेबल मात्र पुन्हा लावू नका.

ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही दुकानाचे स्टिकर आहेत. तिथे हेच अल्कोहोल चालेल?

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर कधीही नाही. ती जड, ठिसूळ, पडली की फुटणारी तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची. सुतार पॉलिश करायला चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, म्हणजे अल्कोहोलने तबकडीचाच पृष्ठभाग विरघळेल. तिथे फक्त किंचित ओलं कापड, तेही खाचांपुरतं आणि लगेच कोरडं करून. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. लवचिक, हलकी, ३३ किंवा ४५ फेऱ्यांची तबकडी बहुधा व्हायनिलची असते. तिच्या खाचांवर चुकून स्टिकर असेल तर खोबरेल तेल आणि नंतर साबणाचं पाणी पुरतं. मधल्या लेबलवर चिकटवलेले विक्रेत्याचे स्टिकर तसेच राहू द्या: दुकानाचं नाव आणि गाव पाहून ती तबकडी कुठे विकली गेली हे कळतं, संग्राहक ते शोधत असतात.